कॅज्युअल्टीतले संशोधन आणि कॅज्युअल्टीतली माणसे: इमर्जन्सी मेडिसिनच्या शिक्षकांनी या चुका टाळा

इमर्जन्सी मेडिसिनला (तातडीच्या रुग्णांवरील उपचारांच्या शास्त्राला) भारतात स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली ती 2009 साली. त्यामुळे या विभागांतल्या अनेक ज्येष्ठांचे मूळ शिक्षण मेडिसिन, अ‍ॅनेस्थेशिया किंवा सर्जरीतले आहे आणि संशोधनाची सवयही तिथलीच. वॉर्डातला रुग्ण चार दिवस एकाच खाटेवर असतो, म्हणून संमती, तपासण्या, फॉलोअप सारे सावकाश जमते. कॅज्युअल्टीतला (तातडीच्या विभागातला) रुग्ण तासाभरात आयसीयूत, ऑपरेशन थिएटरात, दुसऱ्या हॉस्पिटलात किंवा शवागारात गेलेला असतो. वॉर्डाची पद्धत इथे जशीच्या तशी लावली की थिसिस (एमडीच्या पदवीचा प्रबंध) पूर्ण होतो, पण त्यातून छापण्याजोगे काही निघत नाही.

शोधनिबंध, थकवा आणि कोणाला संधी मिळते या तीन गोष्टी कॉलेजात तीन वेगळ्या समित्यांकडे असतात. प्रत्यक्षात तिन्ही ठरतात एकाच कागदावर, महिन्याच्या ड्यूटी रोस्टरवर. खालच्या बहुतेक चुकांची दुरुस्तीही तिथूनच सुरू होते.

सकाळी दहा ते चारचे रुग्ण

सर्वात जास्त दिसणारी चूक ही. सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या आराखड्यात) लिहिलेले असते ‘सर्व सलग पात्र रुग्ण’, आणि नोंद होते ती ज्याचा थिसिस तो रेसिडेंट (एमडी शिकणारा डॉक्टर) ड्यूटीवर असेल तेव्हाची. म्हणजे बव्हंशी दिवसाची. रात्री दोनला येणारा विषबाधेचा रुग्ण, शनिवारी रात्रीचे अपघात, पहाटेचा छातीत दुखणारा माणूस हे सारे गळतात. दिवसा सीनियर जागेवर असतो, सीटी लवकर होतो, रक्तपेढी शेजारीच असते. निकाल चांगले दिसतात, पण ते दिवसाच्या कॅज्युअल्टीचे असतात.

उपाय स्वस्त आहे. दिवसाला तीन पाळ्यांच्या हिशेबाने आठवड्यात 21 पाळ्या होतात. त्यातल्या सात पाळ्या दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून किंवा एक्सेलच्या रँडम आकड्यांवरून निवडा. त्या पाळ्यांत जो रेसिडेंट असेल तो नोंद करेल, मग थिसिस कोणाचाही असो. हे जमायला रोस्टर लावणाऱ्याला अभ्यास माहीत असावा लागतो. म्हणून निवडलेल्या पाळ्या रोस्टरवरच लाल पेनाने खुणावून ठेवा. सोबत सुटलेल्या पात्र रुग्णांची वही हवी: वय, लिंग, पाळी, सुटण्याचे कारण. चारच रकाने, पण तुमचा नमुना किती एकांगी झाला हे परीक्षकाने विचारल्यावर उत्तर फक्त त्या वहीत असते.

आकडा येतो, रुग्ण येत नाहीत

नमुन्याचा आकार सूत्राने काढला जातो, पण तेवढे रुग्ण मिळतील का, हे कोणी तपासत नाही. समजा एखाद्या गोष्टीचे प्रमाण 20 टक्के अपेक्षित आहे आणि 5 टक्के अचूकता (म्हणजे उत्तर 15 ते 25 टक्क्यांच्या दरम्यान) हवी. उत्तर येते 246. दहा टक्के नोंदी अपुऱ्या राहतील असे धरले तर 274. आता कॅज्युअल्टीचे रजिस्टर उघडा. रोज सरासरी दोन पात्र रुग्ण येतात आणि वरच्या पद्धतीने एक तृतीयांश पाळ्याच मोजल्या जातात, म्हणजे महिन्याला साधारण 20. 274 व्हायला जवळपास 14 महिने. आयईसीची (संस्थेच्या नैतिकता समितीची) मंजुरी लांबली तर एमडीच्या तीन वर्षांत हे कसेबसे बसते. रोज एकच रुग्ण येत असेल तर बसत नाही, आणि मग शेवटच्या दोन महिन्यांत रुग्णसंख्या अचानक वाढलेली दिसते. ती का वाढते, हे सगळ्यांना ठाऊक असते. विषय ठरवण्याआधी मागच्या तीन महिन्यांचे रजिस्टर मोजायला एक दुपार पुरते.

पाच घड्याळे, पाच वेळा

‘डोअर टू ईसीजी’ (रुग्ण दारात आल्यापासून ईसीजीपर्यंतचा वेळ), ‘डोअर टू नीडल’ (दारापासून इंजेक्शनपर्यंतचा), ‘पहिला अँटिबायोटिक किती वेळात’ हे विषय लोकप्रिय आहेत. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी 10 मिनिटांत व्हावा, हा मापदंडही सर्वांना पाठ असतो. पण केसपेपरवरची वेळ काउंटरच्या कॉम्प्युटरची, ईसीजीवरची वेळ मशीनची, इंजेक्शनची वेळ सिस्टरच्या मनगटावरच्या घड्याळाची, आणि डॉक्टरांच्या नोटवरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाची. त्यात मोबाइल पाचवा. ईसीजी मशीनची बॅटरी पूर्ण उतरली की काही मशीनचे घड्याळही भलतीकडे जाते. मग तक्त्यात उणे सहा मिनिटांत ईसीजी काढलेला रुग्ण सापडतो आणि तो ‘टायपिंगची चूक’ म्हणून वगळला जातो. उणे सहा निदान पकडला तरी जातो. अधिक सहा मिनिटांची चूक कोणाच्याच लक्षात येत नाही.

दर सोमवारी सकाळच्या पाळीने सगळी घड्याळे एका मोबाइलशी ताडून पाहावीत, फरक वहीत लिहावा, जमेल तिथे दुरुस्त करावा. मशीनचे घड्याळ बदलता येत नसेल तर त्या आठवड्याचा फरक विश्लेषणात वजा करता येतो.

जुने केसपेपर चाळताना

पूर्वलक्षी अभ्यास सोपा वाटतो, म्हणून त्यातच जास्त घोळ होतात. पहिला घोळ ‘नोंद नाही’ म्हणजे ‘लक्षण नाही’ असे धरण्याचा. उलटी झाली का, हे लिहिलेलेच नसेल तर रकान्यात ‘नाही’ लिहू नका. ‘नोंद नाही’ हा तिसरा पर्याय ठेवा आणि तो एखाद्या रकान्यात फार भरला तर तो रकाना सोडून द्या. दुसरा घोळ व्याख्यांचा. ‘शॉक’ म्हणजे सिस्टोलिक 90 च्या खाली, की डॉक्टरांनी शॉक लिहिला तो, हे माहिती गोळा करण्याआधी कागदावर यावे. तिसरा म्हणजे, ज्याला निकाल माहीत आहे आणि जो विशिष्ट निकालाची वाट पाहतो आहे, त्यानेच केसपेपर वाचणे. किमान दहा टक्के केसपेपर दुसऱ्याने स्वतंत्रपणे वाचावेत आणि दोघांची उत्तरे किती जुळतात हे सांगणारा ‘कॅपा’ हा आकडा काढून निबंधात द्यावा.

रुग्णांची नावे असलेला एक्सेल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवणे हेही इथेच थांबवा. अभ्यास क्रमांक एका फायलीत, क्रमांक आणि नावाची जोडी दुसऱ्या फायलीत, आणि ती दुसरी फाइल फक्त मुख्य संशोधकाकडे. एमएलसीच्या (पोलीस प्रकरणांच्या) कागदांचे मोबाइलवर फोटो तर काढूच नका.

परवानगीचा क्रम

आधी माहिती, मग आयईसी, असा उलटा क्रम लावला तर मागल्या तारखेची मंजुरी मिळत नाही आणि मिळूही नये. ट्रायल (उपचाराची चाचणी) असेल तर सीटीआरआयवर (ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिल्या रुग्णाच्या आधी व्हावी लागते; 1 एप्रिल 2018 पासून तिथे आधी न नोंदलेली ट्रायल नंतर नोंदता येत नाही. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या रुग्णांवरचा अभ्यास असेल तर संमती कोण देणार, नातेवाईक नसेल तर काय, शुद्धीवर आल्यावर रुग्णाला कोण आणि कधी विचारणार, त्याने नकार दिला तर माहितीचे काय करणार, ही चार उत्तरे प्रोटोकॉलमध्येच लिहा. ती नसतील तर समिती प्रस्ताव परत पाठवते, आणि त्यात दीड-दोन महिने सहज जातात.

बढतीचा हिशेब चुकतो तो इथे

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2022 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापक ते सहयोगी प्राध्यापक या टप्प्यासाठी चार वर्षांच्या अनुभवाबरोबर दोन प्रकाशने मागितली होती. लेखकांत पहिला, दुसरा, तिसरा किंवा पत्रव्यवहाराचा लेखक धरला जाई. मूळ संशोधन, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, मेटा-अ‍ॅनॅलिसिस, केस सिरीज चालत. सुटी केस रिपोर्ट त्या यादीत नव्हती. बीसीबीआर (संशोधन पद्धतीचा) आणि बीसीएमईटी (अध्यापन तंत्राचा) हे दोन अभ्यासक्रमही लागत. 2025 मध्ये शिक्षकांच्या पात्रतेची नवी नियमावली आली. तेव्हा सहकाऱ्याने सांगितलेल्या नियमांवर विसंबू नका, अर्जाच्या दिवशी लागू असलेला राजपत्रातला मजकूर स्वतः वाचा.

जर्नल निवडताना ‘स्कोपस इंडेक्स्ड’ हा मुखपृष्ठावरचा शिक्का पुरावा नाही. स्कोपसच्या किंवा डीओएजेच्या स्वतःच्या यादीत आयएसएसएन क्रमांक टाकून पाहा, कारण यादीतून काढून टाकलेली जर्नले तोच शिक्का वर्षानुवर्षे मिरवतात. लेखकांचा क्रम सिनॉप्सिसच्या वेळीच लिहून सह्या घ्या. पहिल्या तीन आणि पत्रव्यवहाराच्या नावालाच किंमत म्हटल्यावर चौथ्या नावाची भांडणे होणारच. ती निबंध तयार झाल्यावर होण्यापेक्षा आधी झालेली बरी.

नाइटनंतरचे योगशिबिर

वेलनेसच्या नावाखाली सर्वात हास्यास्पद चूक म्हणजे रात्रपाळी संपवून आलेल्या रेसिडेंटला सकाळी नऊच्या ताणमुक्ती व्याख्यानाला बसवणे. त्याला झोप हवी असते. केंद्र सरकारच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी साधारणपणे 12 तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त नसावी, असे म्हटले आहे. 2024 मध्ये आयोगाच्याच कृतिगटाने आठवड्याला 74 तासांची कमाल मर्यादा आणि एक साप्ताहिक सुटी सुचवली. यातला 48 आणि 74 मधला फरकच बोलका आहे.

रोस्टर लावताना पाळ्या पुढे सरकवा: सकाळ, मग दुपार, मग रात्र. रात्रीवरून थेट दुपारी, तिथून सकाळी असे मागे येणे शरीराला जास्त जड जाते. सलग तीनपेक्षा जास्त रात्री लावू नका. रात्रीनंतरचा दिवस ‘ऑफ’ म्हणून मोजू नका. तो झोपेचा दिवस, साप्ताहिक सुटी वेगळी. रात्री दोन ते पाचच्या दरम्यान आलटून पालटून 20 ते 30 मिनिटांची डुलकी रोस्टरमध्येच लिहा, म्हणजे ती चोरून घ्यावी लागणार नाही. आणि शिक्षकांच्या संशोधनासाठी आठवड्यातून एक अर्धा दिवस, कॅज्युअल्टीचा फोन दुसऱ्याकडे देऊन. फोन खिशात असेल तर तो संशोधनाचा अर्धा दिवस नव्हे.

थकव्याचे सर्वेक्षण करतानाही दोनदा पाय घसरतो. बर्नआउट (कामाचा अतिथकवा) मोजणारी मॅस्लॅकची 22 प्रश्नांची प्रश्नावली परवान्याशिवाय वापरता येत नाही. इंटरनेटवरून उतरवलेली प्रत वापरलेला निबंध परत येऊ शकतो. कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी 19 प्रश्नांची आहे आणि मोफत आहे. दुसरे, फॉर्मवर नाव नाही म्हणून तो निनावी होत नाही. विभागात दर वर्षाचे तीन रेसिडेंट असतील आणि फॉर्ममध्ये वर्ष व लिंग विचारले असेल, तर दुसऱ्या वर्षाची एकुलती एक मुलगी कोण, हे विभागप्रमुखाला क्षणात कळते. तीही मग ‘सर्व छान’ लिहून मोकळी होते. पाचपेक्षा कमी माणसांचा गट अहवालात वेगळा दाखवू नका आणि फॉर्म विभागाबाहेरच्या माणसाकडे द्या. ज्याला आत्ता बोलायचे आहे त्याच्यासाठी टेलिमानसचा (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा) 14416 हा क्रमांक ड्यूटीरूमच्या दारावर असावा, नोटीस बोर्डावरच्या अठ्ठावीस कागदांखाली नव्हे.

मारहाणीनंतर

मार खाल्लेल्या रेसिडेंटलाच पोलीस चौकीवर पाठवणे ही चूक अजूनही होते. महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने, घटनेपासून जास्तीत जास्त 6 तासांत संस्थेच्या प्रमुखाने संस्थेतर्फे एफआयआर नोंदवावा, असा आदेश काढला. तेव्हा रात्रीच्या सीएमओकडे (कॅज्युअल्टीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे) तक्रारीचा तयार मसुदा, सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवण्याची विनंती आणि दुखापतीची नोंद करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरचे नाव, एवढे आधीपासून असावे. शिवीगाळीचीही नोंद वहीत करा. वही नसली की वर्षअखेर ‘आमच्याकडे असे काही होत नाही’ हे वाक्य सरकारी सत्य होते.

समावेश म्हणजे फलक नव्हे

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागतेच. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची आहे. पण कॅज्युअल्टीत त्रास देणारा बरेचदा नातेवाईक किंवा रुग्ण असतो, आणि ‘तो आपला कर्मचारी नाही’ म्हणून समिती हात वर करते. तो कर्मचारी नसला तरी महिलेला पोलीस तक्रारीत मदत करणे ही संस्थेची कायदेशीर जबाबदारी आहे.

बाकीचा भेदभाव फायलीत सापडत नाही. थिसिसचे चांगले विषय कोणाला जातात, इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणे) कोणाला करायला मिळते आणि कागद कोण भरते, आडनाव विचारून झाल्यावर कोणाला ‘नीट’ प्रवेश परीक्षेतली रँक विचारली जाते, परिषदेला कोण जाते. दर सहा महिन्यांनी प्रोसीजर लॉगबुक, विषयांची यादी आणि प्रवास मंजुऱ्या एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडा. वाद घालण्यापेक्षा तो तक्ता मीटिंगमध्ये दाखवणे परिणामकारक. जर्नल क्लब (शोधनिबंध वाचनाची बैठक) संध्याकाळी सहाला ठेवला की लहान मुले असलेल्या शिक्षिका हळूहळू गळतात. दुपारी दोनच्या पाळीबदलाच्या वेळी ठेवला तर दोन पाळ्या मिळतात.

रुग्णांचा समावेशही यातच येतो. मराठी संमतिपत्रात ‘यादृच्छिकीकरण’ लिहिण्याऐवजी ‘कोणते औषध द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल’ असे लिहा. नंदुरबारला भिली-पावरी, गडचिरोलीला गोंडी-माडिया बोलणाऱ्या माणसाला मराठी संमतिपत्र वाचून दाखवणे म्हणजे संमती नव्हे. अंगठा घेताना साक्षीदार अभ्यासाशी संबंध नसलेला, वाचता येणारा हवा. ड्यूटीवरच्या सिस्टरची सही सोयीची असते, योग्य नसते. पोलिसांनी आणलेला अनोळखी रुग्ण, एकटा स्थलांतरित मजूर, दारू प्यायलेला माणूस हे ‘संमती मिळाली नाही’ या एका रकान्यात गडप होतात, आणि कॅज्युअल्टीत सर्वात वाईट अवस्थेत येणारे बरेचदा तेच असतात.

रजेवर जाताना

प्रसूती रजा 26 आठवड्यांची असते आणि तेवढ्या काळात चालू अभ्यास दुसऱ्याच्या नावावर सरकतो. हे टाळायला रजेच्या महिनाभर आधी सहसंशोधक नेमल्याची दुरुस्ती आयईसीकडे पाठवा. फायली आणि अभ्यास क्रमांकांच्या जोडीची फाइल कोणाकडे, किती नोंदी झाल्या, कोणते काम परत येईपर्यंत थांबेल, हे एका पानावर लिहा. मुख्य संशोधक तीच राहील आणि लेखकांचा क्रम बदलणार नाही, हे वाक्य त्याच पानावर घालून विभागप्रमुखांची सही घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.