विद्यार्थ्यांचा ऑनलाइन छळ : पालकांनी आणि शिक्षकांनी काय करावे

वर्गातल्या मुलीच्या फोटोचे टिंगल करणारे स्टिकर व्हॉट्सॲपवर फिरते, कुणाच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटे खाते निघते, किंवा एकाला वगळून बाकीच्यांचा नवा ग्रुप तयार होतो. अशा वेळी बरीच मुले घरी गप्प राहतात, कारण सांगितले की मोबाइल जप्त होणार हे त्यांना ठाऊक असते. म्हणून मूल बोलू लागले की ‘तू तिथे गेलासच कशाला’ असे न विचारता आधी पूर्ण ऐकून घ्यावे आणि मोबाइल काढून घेणार नाही, असे स्पष्ट सांगावे. ज्याला त्रास झाला त्याचाच मोबाइल गेला, तर शिक्षा भलत्यालाच होते.

त्यानंतर, समोरच्याला ब्लॉक करण्यापूर्वी, पुरावा जपावा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि खात्याचे युजरनेम दिसले पाहिजे. दर्शनी नाव सहज बदलता येते, त्यामुळे खात्याची लिंकही उतरवून ठेवावी. मूळ संदेश पुसू नयेत. पाठवणारा आपला संदेश सर्वांसाठी डिलीट करू शकतो, म्हणून हे काम उद्यावर ढकलू नये.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. अठरा वर्षांखालील मुलाचे किंवा मुलीचे लैंगिक स्वरूपाचे चित्र असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नये आणि ‘सरांना दाखवायला’ म्हणूनही ते पुढे पाठवू नये. असे साहित्य साठवणे किंवा पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 67 ब नुसार गुन्हा ठरू शकतो, आणि हेतू चांगला असलेल्या शिक्षकाकडूनही ही चूक होऊ शकते. मोबाइल आहे तसा ठेवून पोलिसांना कळवावे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची माहिती देणे बंधनकारक आहे, त्यामुळे शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवण्याची मुभा मुख्याध्यापकांनाही नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर मुलांविषयीच्या अशा तक्रारी नाव न देताही करता येतात. (1930 हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, अडचणीतल्या मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे.)

गंभीर गुन्हा नसेल तेव्हा शाळेतली हाताळणीच निर्णायक ठरते. दोन्ही मुलांना कार्यालयात समोरासमोर उभे करून माफी मागायला लावणे हा मला सर्वांत वाईट उपाय वाटतो, कारण त्यातून त्रास झालेल्या मुलाची नव्याने शोभा होते आणि राग ग्रुपवर निघतो. त्रास देणाऱ्याच्या पालकांना स्वतंत्रपणे बोलवावे, त्यांच्या पाल्याने लिहिलेला मजकूर त्यांना प्रत्यक्ष दाखवावा आणि तो काढण्याची मुदत ठरवावी. स्टिकर पुढे पाठवणाऱ्या आणि नुसते हसणाऱ्या मुलांशीही एकेकट्याने बोलावे, कारण त्यांनी साथ देणे सोडले की या प्रकाराचा जोर ओसरतो. महाराष्ट्रातील शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असणे अपेक्षित आहे. ती केवळ कागदावर आहे का, हे पालकांनी शाळेत विचारून घ्यावे.

मूल जेवेनासे झाले, शाळेत जायचे टाळू लागले किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर चौकशी मागे ठेवून त्याला एकटे सोडू नये आणि समुपदेशकाची किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मदत घ्यावी. प्रकरण मिटल्यासारखे वाटल्यावरही वर्गशिक्षकांनी काही आठवड्यांनी त्या मुलाला बाजूला घेऊन नवा ग्रुप निघाला आहे का, एवढे विचारावे.