म्हातारी होत चाललेली एनबीए टीम अजून किती वर्षं टायटलच्या शर्यतीत राहील, हे कसं ओळखायचं

एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगमध्ये, दर सीझनला कुठल्या ना कुठल्या टीमवरून हा वाद पेटतोच, की यांचं संपलं का अजून एकदोन वर्षं आहेत. आणि बहुतेक जण रोस्टरचं (टीममधल्या सगळ्या खेळाडूंचं) सरासरी वय बघून निकाल देऊन मोकळे होतात. ते नका करू. बेंचवर बसून टाळ्या वाजवणारा 38 वर्षांचा माणूस आणि रोज 36 मिनिटं पळणारा 34 वर्षांचा स्टार यांची बेरीज करून काहीच कळत नाही.

आधी प्लेऑफमधली (रेग्युलर सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमधली) मिनिटं काढा. पहिले पाच-सहा जण कोण, त्यांची वयं काय, आणि शेवटच्या पाच मिनिटांत बॉल कुणाच्या हातात असतो एवढं लिहून काढा. माझा ठोकताळा असा, की दोन मुख्य खेळाडू 33 च्या पुढे गेले की खरे चान्स दोन, फार तर तीन. त्याच्या पुढे जायचं असेल तर कुणीतरी तरुण पोरगा नुसता टीममध्ये असून भागत नाही, त्याने म्हाताऱ्यांचं काम अंगावर घ्यायला लागतं.

सॅन अँटोनिओ स्पर्सचं उदाहरण मी सगळ्यात वर ठेवतो. 2013 फायनल्सची सहावी मॅच नक्की बघा. टिम डंकन 37 वर्षांचा, पहिल्या हाफमध्ये 25 पॉइंट्स, मायामीला तो आवरतच नव्हता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये 5, आणि मग चौथा क्वार्टर आणि ओव्हरटाइम मिळून शून्य! ट्रॉफी हाताशी आली होती आणि मायामीच्या रे अ‍ॅलनच्या कॉर्नर थ्रीने (कोपऱ्यातून मारलेल्या तीन पॉइंट्सच्या शॉटने) ती गेली. सगळ्यांना तो शॉट आठवतो, मला डंकनचं ते शून्य जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण वय असंच दिसतं, आख्खी मॅच वाईट जात नाही, शेवटची पंधरा मिनिटं पाय साथ देत नाहीत.

पुढच्या वर्षी स्पर्सचा कोच पॉपोविचने काय केलं, तर 2013-14 च्या रेग्युलर सीझनमध्ये टीममधल्या एकाही खेळाडूची सरासरी 30 मिनिटांवर गेली नाही, तरी 62 मॅचेस जिंकले, आणि फायनल्समध्ये त्याच मायामीला 4-1 ने हरवलं. फायनल्स एमव्हीपी, म्हणजे फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू कोण? 22 वर्षांचा कवाय लेनर्ड, ज्याला 2011 च्या ड्राफ्टच्या (टीम्स नवे खेळाडू निवडतात त्या) रात्री जॉर्ज हिलला देऊन आणलं होतं. म्हणजे म्हातारी टीम जिंकली असं आपण म्हणतो पण मायामीचा स्टार लेब्रॉनला अडवायचं काम पोरगा करत होता. याच पॉपोविचला 2012 मध्ये मायामीविरुद्धच्या टीव्ही मॅचआधी मेन प्लेयर्सना घरी पाठवलं म्हणून लीगने स्पर्सला अडीच लाख डॉलर दंड केला होता, आणि मला अजूनही वाटतं की त्याचंच बरोबर होतं.

याच्या उलट 2012-13 चे लेकर्स. स्टीव्ह नॅश 38 चा, सीझनच्या दुसऱ्याच मॅचला पायाला फ्रॅक्चर. प्लेऑफ गाठायची म्हणून 34 वर्षांचा कोबी एप्रिलमध्ये जवळजवळ पूर्ण मॅच खेळत होता आणि तिथेच त्याची टाचेमागची अकिलीस टेंडन फाटली. मग पहिल्याच राउंडला स्पर्सने 4-0 ने धुतलं. नावं बघून ती टीम फेव्हरिट वाटत होती, म्हणून सांगतोय की नावं नका मोजू, मिनिटं मोजा.

आता आकडे कुठले बघायचे. शूटिंग सगळ्यात शेवटी जातं, त्यामुळे थ्री पडतायत म्हणून खूश होऊ नका. फ्री थ्रो किती मिळतात आणि खेळाडू रिमपर्यंत (बास्केटजवळ) किती वेळा जातो ते दोन-तीन सीझनचं शेजारी ठेवून बघा, ते घसरत असेल तर पाय गेलेत. डिफेन्समध्ये समोरची टीम मुद्दाम कुणाला स्विचवर (डिफेंडर्सना आपापला माणूस बदलायला लावून) ओढते ते बघा, ते आकड्यांच्या आधी डोळ्यांना दिसतं.

बॉस्टन सेल्टिक्सवर हा ठोकताळा लावून बघा. गार्नेट, पिअर्स, अ‍ॅलन 2008 ला जिंकले, 2009 ला गार्नेटचा गुडघा गेला, 2010 ला लेकर्सकडून फायनल्सची सातवी मॅच हरले. 2012 मध्येही ईस्टची (लीगच्या पूर्व विभागाची) फायनल सात मॅचपर्यंत नेली, पण तोपर्यंत गाडी राँडो ओढत होता, तो 26 चा. पाच सीझन शर्यतीत राहून टायटल एकच. तरी त्यांनी 2013 मध्ये गार्नेट-पिअर्सना ब्रुकलिनला दिलं आणि बदल्यात मिळालेल्या पिक्समधून (ड्राफ्टमध्ये निवड करण्याच्या हक्कांमधून) पुढे जेलन ब्राउन आणि टेटम आले, 2024 चं टायटल त्या दोघांनी आणलं. ब्रुकलिनला त्या दोन म्हाताऱ्यांकडून प्लेऑफमध्ये एकच सिरीज जिंकता आली.

म्हणून शेवटी पगार आणि पिक्स तपासा. लीग आणि खेळाडूंमधल्या 2023 च्या करारानंतर सेकंड एप्रनच्या (पगारखर्चाच्या वरच्या मर्यादेच्या) वर गेलेल्या टीमला दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा ट्रेड करता येत नाही, म्हणजे म्हातारी आणि महागडी टीम एकदा अडकली की दुरुस्त करणं फार अवघड. हा हिशोब वर्षातून दोनदा करा, फेब्रुवारीत ट्रेड डेडलाइनच्या आधी आणि प्लेऑफ संपल्यावर. 25 च्या आतला एकही जण प्लेऑफमध्ये 30 मिनिटं खेळत नसेल आणि पिक्सही वाटून झाले असतील तर त्या टीमला मी एकच सीझन देतो.