विभागातली आगामी व्याख्यानं: वेळापत्रक कसं लावावं, सूचना कशी काढावी

वक्ता कुठून आणायचा, सेमिनार हॉल कोणाला विचारून मिळतो, चहा किती जणांचा सांगायचा, हे कॉम्प्युटर सायन्स विभागात काम करणाऱ्याला ठाऊक असतं. ते धरून चाललो आहे. व्याख्यान फसतं ते बहुतेक वेळा त्यापुढच्या दोन ठिकाणी. विषय नेमका काय आहे हे सूचनेतून कळत नाही म्हणून मुलं येत नाहीत. किंवा विषय आवडतो, पण वेळ चुकीची पोचते आणि येणारेही येत नाहीत. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती सूचना काढणाऱ्याला दिसत नाही.

वार आणि खोली

एक वार, एक वेळ, एक खोली, सत्रभर तीच. मुंबईत टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) बुधवारचं कलोक्वियम, म्हणजे सर्वांसाठीचं व्याख्यान, नावाप्रमाणे बुधवारीच असतं. त्यामुळे तिथल्या माणसाला ‘या बुधवारी कोण?’ एवढंच विचारावं लागतं. वक्त्याच्या सोयीने दर वेळी वार बदलला की मालिका राहत नाही, सुटे कार्यक्रम उरतात आणि प्रत्येकासाठी नव्याने गर्दी जमवावी लागते.

ज्या दुपारी प्रॅक्टिकलच्या बॅचेस सर्वांत कमी, तो वार घ्या. शनिवार रिकामा दिसतो म्हणून घेऊ नका. लोकलने किंवा एसटीने येणारी मुलं एका तासासाठी शनिवारी येत नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नाही. पंधरा आठवड्यांच्या सत्रातले पहिले दोन आठवडे प्रवेश आणि वेळापत्रकाच्या गोंधळात जातात, शेवटचे तीन सबमिशन आणि तोंडी परीक्षांत. विषम सत्रात गणपतीचा आठवडाही सोडा. उरलेल्या नऊ-दहांपैकी सात भरा आणि बाकीचे मोकळे ठेवा. गावात दुसऱ्या कामासाठी आलेला चांगला वक्ता आठवडाभर आधीच कळवतो, तेव्हा जागा असावी लागते. पीएच.डी.ची खुली तोंडी परीक्षाही याच यादीत घ्या. तिच्यासाठी वेगळा फलक कशाला?

व्याख्यान ४५ मिनिटं, प्रश्न १५ मिनिटं. साडेतीनला सुरू करायचं असेल तर हॉल तीन ते पाच मागा.

वक्त्याकडून काय मागायचं

सगळं एकाच पत्रात, किमान दहा दिवस आधी मागा: शीर्षक, १२० ते १५० शब्दांचा गोषवारा, ६० ते ८० शब्दांचा परिचय, ऐकणाऱ्याला आधी काय माहीत असायला हवं, रेकॉर्डिंगला परवानगी आहे की नाही, आणि लॅपटॉपला एचडीएमआय आहे की फक्त टाइप-सी. सहा वेगवेगळ्या मेलांतून मागितलंत तर चारच उत्तरं येतील.

गोषवारा बहुतेक वेळा शोधनिबंधातून जसाच्या तसा उचलून येतो. तो तसाच लावू नका. शोधनिबंधाचा गोषवारा त्याच विषयातल्या परीक्षकासाठी लिहिलेला असतो, तुमचा वाचक एम.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या दोन वाक्यांत अडचण काय ते यावं, तिसऱ्यात वक्त्याने काय केलं ते. शेवटी एक साधं वाक्य: ‘ऑपरेटिंग सिस्टिम्सचा पहिला कोर्स झालेला असावा’. या वाक्याने गर्दी कमी होत नाही. आपल्याला झेपेल की नाही या शंकेने घरी जाणारी मुलं थांबतात. बदल स्वतः करा आणि वक्त्याला दाखवून घ्या. दोन ओळींत संमती येते.

शीर्षकाबाबत हट्टी राहा. ‘डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्समधील नवे प्रवाह’ हे शीर्षक नव्हे, तो अभ्यासक्रमातला घटक झाला. ‘दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नसतील तर आधी कोणता व्यवहार झाला हे कसं ठरवायचं?’ हे शीर्षक. ‘नवे प्रवाह’, ‘आव्हाने आणि संधी’, ‘एक दृष्टिक्षेप’ यातलं काहीही दिसलं की परत पाठवा.

वेळ: सगळं इथे बिघडतं

लॅम्पोर्टची घड्याळं, म्हणजे अनेक संगणकांवरच्या घटनांचा क्रम लावण्याची पद्धत, शिकवणारा विभाग व्याख्यानाची वेळ चुकीची छापतो, हे विनोदी असलं तरी नेहमीचं आहे. वक्ता आणि श्रोते एकाच गावात असतील तर फारसं बिघडत नाही. वक्ता बाहेरदेशी असून ऑनलाइन बोलणार असेल, किंवा परदेशी गेलेले माजी विद्यार्थी ऐकणार असतील, तर पुढचं नीट वाचा.

आधी लिहिण्याची पद्धत. वार, तारीख, महिन्याचं नाव, वर्ष, वेळ, आणि ‘भारतीय वेळ’ हे शब्द. ०५/०३ असं कधीच नको. अमेरिकेत बसलेला माणूस ते ३ मे वाचतो. वार लिहायचाच, कारण तो चेकसमचं, म्हणजे चूक पकडणाऱ्या जास्तीच्या आकड्याचं, काम करतो. जुनी सूचना कॉपी करून नवी करताना तारीख बदलली आणि वार तसाच राहिला, तर वाचणाऱ्याला विसंगती दिसते आणि तो फोन करतो. वार नसता तर त्याने मुकाट्याने चुकीची तारीख लिहून घेतली असती. ‘आयएसटी’ हे लघुरूप फक्त देशातल्या लोकांपुरतं वापरा. इस्रायलची प्रमाणवेळ आणि आयर्लंडची उन्हाळी वेळ यांनाही तेच लघुरूप आहे.

आता फरक. आपण यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे, बारा महिने. आपलं घड्याळ हलत नाही, अमेरिका-युरोपचं उन्हाळ्यात एक तास पुढे जातं, आणि हेच विसरलं जातं. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. कॅलिफोर्निया साडेतेरा आणि साडेबारा. लंडन साडेपाच आणि साडेचार, जर्मनी साडेचार आणि साडेतीन. सिंगापूर बारा महिने आपल्या अडीच तास पुढे, जपान साडेतीन. अमेरिकेत असूनही ॲरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळ बदलत नाही, तिथे कायम साडेबारा तास.

अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपचं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. म्हणजे मार्चमध्ये दोन ते तीन आठवडे, आणि ऑक्टोबरअखेर एक आठवडा, अमेरिका आणि युरोप यांच्यातलं नेहमीचं अंतरही मोडलेलं असतं. २०२६ मध्ये हे दिवस ८ ते २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर. भारत, जर्मनी आणि अमेरिका अशी तिघांची संयुक्त मालिका असेल तर या आठवड्यांत व्याख्यान ठेवूच नका. ठेवायचंच असेल तर प्रत्येकाला त्याची स्थानिक वेळ वेगळी लिहून पाठवा.

दर महिन्याच्या मालिकेत आणखी एक प्रश्न आधीच मिटवावा लागतो: वेळ कोणाच्या घड्याळाला बांधलेली आहे? न्यूयॉर्कच्या सकाळी दहाला बांधली तर आपल्याकडे ती हिवाळ्यात रात्री साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. आपल्या वेळेला बांधली तर तिकडच्यांना वर्षातून दोनदा हलावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: हॉल ज्यांचा, घड्याळ त्यांचं. तिकडचा माणूस एकटा असतो, इकडे साठ जणांची बस ठरलेली असते.

सोयीच्या खिडक्याही ठरलेल्या आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी आपली संध्याकाळ साडेसहा: तिकडे हिवाळ्यात सकाळचे आठ, उन्हाळ्यात नऊ, जर्मनीतही तेव्हा दुपारच असते. कॅलिफोर्नियाच्या वक्त्याला ही वेळ देऊ नका, तिथे पहाटेचे पाच-सहा वाजलेले असतात. त्याच्यासाठी आपली सकाळ साडेनऊ घ्या. तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ किंवा नऊ वाजतात, आणि ‘आदल्या दिवशीचे’ हा शब्द पत्रात लिहिला नाही तर वक्ता एक दिवस उशिरा येतो. पत्रात दोन्ही वेळा, दोन्ही तारखा, दोन्ही वार द्या आणि त्याच्या उत्तरात त्याच्या वेळेचा पुनरुच्चार मागा. नुसत्या ‘ठीक आहे’वर जाऊ नका.

कॅलेंडरची नोंद

व्याख्यानासोबत कॅलेंडरची फाइल, म्हणजे डॉट आयसीएस, द्या. लोक तारीख लक्षात ठेवत नाहीत, बटण दाबतात. नोंदीत वेळेबरोबर टाइमझोनचं नाव ‘एशिया/कोलकाता’ असलं पाहिजे. जुन्या प्रणालींत ‘एशिया/कलकत्ता’ दिसेल, तेही चालतं. हाताने साडेपाच तास वजा करून यूटीसी लिहिण्याचा मोह टाळा.

नोंद चुकली की चूक किती तासांची आहे यावरून कारण ओळखता येतं. दुपारी चारचं व्याख्यान पुण्यातल्या मोबाइलवर रात्री साडेनऊला दिसत असेल, तर सुरुवातीच्या वेळेपुढे ‘झेड’ हे अक्षर लागलं आहे. त्याचा अर्थ यूटीसी, म्हणून साडेपाच तास वाढले. बर्लिनमधल्या माजी विद्यार्थ्याला तेच व्याख्यान त्याच्या दुपारी चारला दिसत असेल, तर टाइमझोन लिहिलेलाच नाही. अशा वेळेला तरंगती वेळ म्हणतात. जो जिथे असेल तिथे चार वाजता. देशात सगळ्यांना बरोबर दिसत असल्याने ही चूक सर्वांत उशिरा सापडते. आणि फरक नेमका एक तासाचा असेल, तर कोणीतरी उन्हाळ्यात ‘ईएसटी’ लिहिलं आहे, जी न्यूयॉर्कची हिवाळी वेळ. तिथे लघुरूपाऐवजी ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ निवडा.

पाठवण्याआधी एक चाचणी: मोबाइलचा टाइमझोन लंडनवर टाका, फाइल उघडा, वेळ पाहा, परत भारतावर आणा. चाचणी फार तर दोन मिनिटांची.

वेळ बदलली तर जुनी नोंद पुसून नवी करू नका. जुनी लोकांच्या मोबाइलवर तशीच राहते आणि दोन व्याख्यानं दिसतात. तीच नोंद बदला. फाइल हाताने किंवा स्क्रिप्टने बनवत असाल तर यूआयडी (नोंदीची ओळखखूण) तोच ठेवून सीक्वेन्सचा (आवृत्तीचा) आकडा एकने वाढवा. रद्द झालं तर नोंद ठेवा आणि शीर्षकाचा पहिला शब्द ‘रद्द’ करा. लिंकवरून जोडलेली (सबस्क्राइब केलेली) कॅलेंडरं ताजी व्हायला कित्येक तास लागतात. त्यामुळे त्याच दिवशीच्या बदलाला कॅलेंडर उपयोगाचं नाही. व्हॉट्सॲप आणि हॉलच्या दारावर कागद. मोबाइलवर नोंदीचे पहिले काही शब्दच दिसतात म्हणून आधी वक्त्याचं आडनाव, मग विषय. ‘संगणकशास्त्र विभाग आयोजित’ने सुरू केलंत तर सातही नोंदी सारख्याच दिसतील.

सूचना

आपल्याकडची सूचना ‘कळविण्यास आनंद होतो की’ने सुरू होते, मग माननीयांची नावं, मग अध्यक्ष, आणि चौथ्या ओळीत विषय. उलटं करा. विषय, वक्ता आणि संस्था, वार-तारीख-वेळ, खोली, गोषवारा. माननीय शेवटी, किंवा नाहीतच.

विभागप्रमुखांच्या सहीचा कागद फाइलला लावा. त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका. फोटोतल्या लिंकवर बोट टेकत नाही, तारीख शोधून सापडत नाही, आणि तिसऱ्यांदा फॉरवर्ड होईपर्यंत खोलीचा क्रमांक वाचताही येत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच पाठवा, लिंक स्वतंत्र ओळीवर. आठवडाभर आधी, आदल्या दुपारी, आणि त्या दिवशी सकाळी: तीन वेळा बास. पाचव्यांदा पाठवलंत की ग्रुप म्यूट होतो, आणि पुढच्या महिन्याची सूचनाही त्यात बुडते.

‘आगामी’ या मथळ्याखाली गेल्या जुलैचं व्याख्यान दिसणं हा या धंद्यातला सर्वांत सार्वजनिक गलथानपणा. यादी हाताने हलवायची ठेवली तर हे होणारच. तारखेवरून आपोआप वर्गवारी लावा: आगामी चढत्या क्रमाने, झालेली उतरत्या. वर्ष प्रत्येक नोंदीत.

त्या दिवशी

प्रोजेक्टर अर्धा तास आधी लावून पाहा, कॉलर माइकचे सेल नवे टाका. परिचय एक मिनिट; साठ-ऐंशी शब्दांचा मागितला होता तो याचसाठी. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ प्रश्नोत्तरांनंतर. आधी ठेवलं की वीस मिनिटं जातात, आणि ती वक्त्याच्या ४५ मधून जातात, प्रास्ताविकातून कधीच नाहीत. पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा. प्राध्यापकाने पहिला प्रश्न विचारला की मागची पाच बाकं गप्प होतात. संचालन करणाऱ्याने एक साधा प्रश्न खिशात ठेवावा.

हजेरीचा कागद फिरवताना त्यावर तारीख, शीर्षक आणि वक्त्याचं पूर्ण नाव आधीच छापलेलं असू द्या. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) कागदपत्रांसाठी हा कागद दोन-तीन वर्षांनी मागितला जातो, आणि तेव्हा नुसत्या सह्यांचा गठ्ठा कोणत्या व्याख्यानाचा हे कोणालाच सांगता येत नाही. स्लाइड्स आणि परवानगी असल्यास रेकॉर्डिंग दोन दिवसांत त्याच जुन्या दुव्यावर चढवा. नवा दुवा काढलात तर कॅलेंडरमधला, ग्रुपवरचा आणि अहवालातला, तिन्ही जुने दुवे निरुपयोगी होतात.