फादर स्टीफन्सवर लिहायचंय? आधी साष्टी शोधा

ख्रिस्तपुराण लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सवरचे बहुतेक लेख त्यातल्या मराठीच्या कौतुकाच्या ओवीने ('जैसी हरळांमाजी रत्नकिळा') सुरू होतात आणि तिथेच संपतात. ती ओवी सध्या बाजूला ठेवा, सगळ्यांना पाठ आहे.

आधी नकाशावर साष्टी शोधा, मुंबईजवळची नाही हं, गोव्यातली, म्हणजे मडगाव, राशोल, कुंकळ्ळीचा भाग. फादर मूळचे इंग्लंडचे, जेझुइट म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाचे पाद्री, एप्रिल १५७९ मधे लिस्बनहून जहाजात बसले, ऑक्टोबरात गोव्यात उतरले आणि १६१९ मधे वारले, मधली चाळीसेक वर्षं जास्त करून साष्टीतच गेली.

मग वहीत दोन कॉलम पाडा, एकात फादरची वर्षं, दुसऱ्यात गोव्याची. दुसरा कॉलम लोक आळसाने सोडतात आणि मग लेख एकतर आरती होतो नाहीतर शिव्या. त्यात १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून खटले चालवणारं चर्चचं न्यायालय आलं, १५६७ ला पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली, म्हणजे फादर यायच्या आधीच. आता १६१६ ला राशोलला छापलेलं फादरचं ख्रिस्तपुराण समोर ठेवा, जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठी पण रोमन लिपीत. त्यात एक नवा ख्रिस्ती विचारतो की आमची जुनी पुराणं तर बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? दुसरा कॉलम नसेल तर हा प्रश्न नुसता गोड वाटतो.

जुन्या पोर्तुगीज कागदांत फादरचं नाव तोमाश इश्तेव्हांव असं येतं, तेही शोधा नाहीतर अर्धं हुकेल. आणि मराठी-कोकणीची खिचडी करू नका प्लीज, पुराण मराठीत आहे, व्याकरण लिहिलं ते कोकणीचं आणि ते छापलं १६४० ला, फादर गेल्यावर एकवीस वर्षांनी.

१५८३ ला मात्र जरा थांबा. जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइट मारले, पुढे पोर्तुगीजांनी तिथल्या गावकऱ्यांना बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि मारून टाकलं. त्याच ऑक्टोबरात फादर भावाला पत्र लिहितात, त्यात इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी आहे असं कौतुक आहे. हे पत्र आणि कुंकळ्ळी एकाच पानावर घ्या, आणि ती पाठ असलेली ओवी टाकायचीच असेल तर त्याच्या खाली टाका.