मुंबई-ठाण्याहून गाडीने गोवा: लवकर पोचायचं तर रस्ता कसा ठरवायचा

दिवाळी-नाताळ जवळ आलं की प्रत्येक ग्रुपवर एकच चर्चा, कोकणातून जाऊ की कोल्हापूरवरून, आणि सांगणारा प्रत्येक जण स्वतः शेवटचा ज्या रस्त्याने गेला तोच बेस्ट म्हणून सांगतो. किलोमीटर बघून काही ठरत नाही कारण दोन्हीकडून सहाशेच्या आसपासच होतात. वेळ जातो तो ठराविक जागांवर, तिथे आपण किती वाजता असणार हे आधी ठरवायचं, मग रस्ता निवडायला सोपं जातं.

आधी मॅपचं. आदल्या रात्री अकरा वाजता रूट टाकून जो आकडा दिसतो तो आत्ता लगेच निघालात तर लागणारा वेळ असतो, शनिवारी सकाळी आठला निघणाऱ्याला त्याचा काय उपयोग? निघायची वेळ सेट करायचा ऑप्शन आहे तिथे खरी तारीख नि वेळ टाका, मग ते एक आकडा न देता इतके ते इतके तास असं देतं, त्यातला मोठा आकडा धरून चाला. मोड कारचाच आहे ना तेही बघा, बाइकचा राहिला असेल तर मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे दाखवणारच नाही कारण तिथे बाइकला बंदी आहे. आणि सगळा रूट एकदम बघू नका, तुकडे पाडा, ठाणे ते पुणे बायपास, तिथून कोल्हापूर, तिथून घाट, घाट उतरून गोवा, आणि प्रत्येक तुकड्याला तिथे पोचायची वेळ टाकून बघा. वेळखाऊ कामय पण दहा मिनिटांत होतं.

आता पहिला निर्णय पनवेलजवळ. पळस्पे फाट्यावरून पेणकडे गेलात तर एनएच ६६, म्हणजे कोकणातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग. चौपदरीकरण एक तपाहून जास्त चालूय हे काय सांगायला नको, पण आता बराच भाग काँक्रीटचा झालाय आणि कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट चढायचा त्रास गेला. प्रॉब्लेम मधल्या तुकड्यांचा आहे. इंदापूर-माणगावला बाजारातून जावं लागलं तर विकेंडला तिथेच तासभर जाऊ शकतो, पुढे संगमेश्वर ते लांजा पट्ट्यात काम रखडलेलं त्यामुळे डायव्हर्जन. खारेपाटण ओलांडून सिंधुदुर्गात शिरलात की मात्र रस्ता लोण्यासारखा. म्हणून माझं मत असं की हा रस्ता रात्री उशिरा किंवा पहाटे तीन-चारला निघणाऱ्यांसाठी चांगला, कारण माणगाव उजाडायच्या आत मागे पडतं. गणपतीत जात असाल तर गोष्टच वेगळी, तेव्हा अवजड गाड्यांना बंदी असते पण अख्खे चाकरमानी रस्त्यावर असतात.

एक्स्प्रेसवेने गेलात तर बोरघाट सहाच्या आत ओलांडायचा, शनिवारी सकाळी तर नक्कीच. पुण्यात शिरायचं नाही, पण बायपासही ऑफिसच्या वेळेत कमी नाही, वाकड, वारजे, नवले पूल सगळं भरलेलं असतं. पुढे खंबाटकीला जाताना आपल्याला घाट चढावा लागला (जुना बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी आहे) आणि तिथे एखादा ट्रक बंद पडला की रांग लागलीच. सातारा ते कागल सहापदरीकरण चालूय त्यामुळे कराडच्या आसपास वेळ धरून ठेवा.

खरी मजा पुढे आहे, घाट कुठला उतरायचा? इथे लोक नुसतं अंतर बघतात. हिशोब साधा आहे: हायवेवर ८०च्या स्पीडने ४० किलोमीटर जास्त गेलात तर अर्धा तास जातो, आणि तेच ४० किलोमीटर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे ३५ने गेलात तर जवळपास सत्तर मिनिटं. म्हणजे लांबचा रस्ता लवकर पोचवू शकतो.

पेडणे, हरमल, म्हापसा या बाजूला जायचं असेल तर मी डोळे झाकून संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा-आंबोली-सावंतवाडी सांगेन. फक्त पावसाळ्यातला रविवार नको, धबधब्यापाशी लोक गाड्या कुठेही लावतात. पणजीला जायचं तर बेळगावहून चोर्ला घाट अंतराने जवळ, पण जांबोटी-कणकुंबीकडचा रस्ता पाऊस संपल्यावर कसा आहे हे विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि अंधारात तर नकोच, जंगल आहे, नेटवर्क गायब होतं. मडगाव-पाळोळेवाल्यांनी खानापूर-रामनगर-अनमोड-मोले बघावं. कणकवली-मालवणला थांबून मग गोवा असा प्लॅन असेल तर कोल्हापूरहूनच गगनबावडा नाहीतर राधानगरी-फोंडा घाट, खाली उतरलात की तो सिंधुदुर्गचा चांगला हायवे मिळतो. गगनबावड्याचा करूळ घाट मध्यंतरी कामासाठी बरेच महिने बंद होता, असं कुठल्याही घाटाचं होऊ शकतं, पावसात दरड पडून तर हमखास. त्यामुळे आदल्या दिवशी मुक्कामाच्या हॉटेलवाल्याला फोन करा. लोकल माणूस "आज नका येऊ इकडून" एवढं सांगतो ना तेवढं पुरतं. व्हिडिओ बघत असाल तर तो कधीचा आहे ते आधी बघा, दोन वर्षांपूर्वीचा खड्डा बुजलेलाही असतो आणि दोन वर्षांपूर्वीचा मस्त रस्ता वाहूनही गेलेला असतो.

घाटाचा भाग मॅपमध्ये ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. आणि चालत्या गाडीत मॅप म्हणतो इकडून ४ मिनिटं वाचतील, तिकडे वळू नका, गावातली अरुंद गल्ली निघते आणि समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स घेण्यात दहा मिनिटं. वीस-पंचवीस मिनिटं वाचत असतील आणि रस्ता राज्य महामार्ग तरी असेल तरच विचार करा.

आमचं साधारण टाइमटेबल असं असतं: पहाटे चारला ठाणे, साडेसहाला पुणे बायपास मागे, साताऱ्याच्या आसपास नाश्ता, अकराला कोल्हापूर, दीड-दोनला आंबोली, साडेतीनपर्यंत म्हापसा. थांबे याच्यातच धरलेत. मॅप तुमचा चहा धरत नाही, आणि घरचे लोक सोबत असले की १५ मिनिटांचा थांबा ४० मिनिटांचा होतो, म्हणून मॅपच्या आकड्यात दीड तास आधीच मिळवा. फास्टॅगचा बॅलन्स आदल्या दिवशी बघा. फास्टॅगचा वार्षिक पास काढलेला असला तरी तो एनएचच्या नाक्यांवर चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याचा असल्याने तिथे टोल कटणारच.

येताना गणित उलटं. रविवारी संध्याकाळी खेड शिवापूरचा नाका, वाकड आणि बोरघाट एकामागोमाग एक लागतात. गोव्यातून पहाटे पाचला निघून दुपारी तीनच्या आत पुणे ओलांडता आलं तर ठीक, नाहीतर सरळ सोमवारची सुट्टी टाका.