पानाफुलांचे अन् मातीचे रंग घरी करून मुलांना चित्रं कशी काढू द्यायची

"चित्र काढ" म्हटलं की बहुतेक मुलं दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी आणि एक नारळाचं झाड काढून मोकळी होतात, मग ती कोकणातली असोत नाहीतर पुण्यातल्या बाराव्या मजल्यावरची. मी दर रविवारी सोसायटीतल्या सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना घेऊन बसते, सुरुवातीला मी फळ्यावर झाड काढून द्यायचे आणि सगळ्या वह्यांमधे तेच झाड उतरायचं. मग ठरवलं, आपण काढून दाखवायचं नाही, आणि रंगाच्या डबीऐवजी मुलांना रंग शोधायला बाहेर न्यायचं. रंग शोधायचा तर पानाला हात लावावा लागतो, चुरगळून बघावं लागतं, वास घ्यावा लागतो, आणि एवढं केलं की कागदावर ते फळ्यावरचं झाड येतच नाही. घरी एकाच मुलाबरोबर पण हे छान जमतं.

आधी फिरून यायचं. सकाळी अर्धा तास, हातात कापडी पिशवी, बस्स. खाली पडलेलं हवं तेवढं उचलायचं, झाडावरचं एखादंच तोडायचं. पण निघायच्या आधी मुलांना काही झाडं नक्की दाखवून ठेवा: रुई, कण्हेर, धोतरा, गाजर गवत, खाजकुइली. यांना हात लावायचा नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला खरंच इजा होते, त्यामुळे ओळखत नसलेलं काहीच चुरगळायचं नाही, तोंडात तर अजिबात नाही, आणि आल्यावर साबणाने हात धुवायचे.

पहिल्या दिवशी पाणी, वाटी, ब्रश काही काढू नका. जाडसर कागद घ्या (लग्नपत्रिकेची कोरी बाजू मस्त चालते) आणि आणलेलं सगळं नुसतं घासून बघा. पालकाच्या पानाने हिरवा येतो, ओल्या हळदीच्या कांडीने पिवळा, कोळशाने काळा. तांबडी जास्वंद घासली की तांबडा येईल असं प्रत्येकाला वाटतं आणि कागदावर उमटतो जांभळा! त्यावर लिंबाचा एक थेंब टाकला की तिथेच गुलाबी होतो. सागाचं कोवळं पान मिळालं तर तळहातावर चोळायला सांगा, हात लालभडक होतो, गावाकडे लहानपणी आपण हेच तर करायचो.

दुसऱ्या वेळी गोकर्ण. आठ-दहा निळी फुलं अर्धा कप गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायची (गरम पाणी मोठ्यांनीच ओतायचं), निळंशार पाणी मिळतं. ते तीन वाट्यांत करा, एकीत लिंबू पिळा, ती जांभळी-गुलाबी होते, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा, ती हिरवट होते, तिसरी तशीच ठेवा. एका फुलातून तीन रंग. जास्वंद काय नि गोकर्ण काय, त्यांच्यातला रंग आंबट लागलं की एक रूप घेतो आणि सोडा लागला की दुसरं, एवढं सांगितलं तरी मुलांना पुरतं. हळदीच्या पाण्यात सोडा टाकला की ते लालसर होतं, हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. कुंकवाला चुना लागतो, पण मुलांच्या हातात चुना देऊ नका, सोड्यावर भागतं.

आता माती, माझी सगळ्यात आवडती. फुलांचे रंग महिन्याभरात फिके पडतात, माती टिकते. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू, पिवळी माती, काजळी, चुना हेच तर आहे, निळ्यासाठी मात्र लाजवर्दाचा दगड लांबून आणावा लागला. आपल्याकडे तर मातीची चंगळच, कोकणात तांबडी, देशावर काळी, कुठे पिवळसर, कुंडीतली सुद्धा चालते. मूठभर माती तांब्याभर पाण्यात ढवळायची, वीस आकडे मोजायचे, तोवर खडे आणि वाळू तळाला बसतात, मग वरचं गढूळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं. ते रात्रभर निवळू द्यायचं. सकाळी वरचं स्वच्छ पाणी झाडाला घाला, खाली लोण्यासारखा मऊ गाळ असतो तो ताटलीत उन्हात वाळवा आणि चुरून ठेवा. हे सगळं मुलांनाच करू द्या, घाण होईल म्हणून आपण हातातून ओढून घेतलं की त्यांचा रस गेलाच म्हणून समजा.

ही माती नुसत्या पाण्यात कालवली तर वाळल्यावर कागदावरून झडते, म्हणून डिंक हवा. बाभळीचा डिंक कुटून एक चमचा, दोन चमचे गरम पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळा. किराणावाल्याकडे घेताना बघून घ्या, कतीरा आणलात तर तो विरघळत नाही, फुगून जेली होते आणि सगळं वाया जातं. माती आणि डिंकाचं पाणी सायीइतकं दाट कालवायचं. उरलेल्या डिंकात दोन लवंगा टाकून फ्रीजमधे ठेवते मी, तरी आठवड्यात संपवते.

ब्रश विकतचा असेल तर असू दे, पण एकदा तरी बांबूची काडी टोकाशी ठेचून करून बघा. वारली लोक तांदळाचं पीठ पाण्यात कालवून अशाच काडीने गेरू सारवलेल्या भिंतीवर काढतात. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, पूर्वी सवाशिणीच लिहायच्या, आणि डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाबिग्नाचं निमित्त नसताना रोज काढायला घेतलं, 2011 मधे त्यांना पद्मश्री मिळाली. पण मुलांना त्यांच्या आकृत्या छापायला लावू नका प्लीज. ते लोक स्वतः बघितलेलं शेत, फुंकून वाजवायचा तारपा, मुंग्या, झाडं काढत आले, आपल्या मुलांनी आपल्या जिन्यातलं कबुतर काढावं.

आणि मग मुख्य काम. प्रत्येकाला एकच पान द्या, पाच मिनिटं नुसतं बघायचं, पेन्सिलला हात नाही. शिरा कुठून निघतात, देठाजवळ रंग कसा आहे, मागची बाजू वेगळी आहे का, एवढंच विचारा. आमच्याकडे एका सात वर्षांच्या मुलीला किड्याने खाल्लेलं पिंपळपान मिळालं, मला वाटलं बदलून मागेल, तर तिने कागदावर आधी ते भोक काढलं, वाकडंतिकडं, काठ तपकिरी, आणि मग त्याच्याभोवती पान आणलं. असं मी कधी शिकवू शकले नसते. तेव्हा "हे काय काढलंस" विचारू नका, "हे कुठे दिसलं तुला" विचारा, मुलं बोलायला लागतात.

चित्राच्या मागे तारीख आणि कशाचा रंग ते लिहून ठेवा. एकाच रंगांनी दोन पट्ट्या रंगवा, एक खिडकीत उन्हाला लावा, एक कपाटात, महिन्याने शेजारी धरा. उन्हातली हळद आणि गोकर्ण उडालेली दिसेल, गेरू जसाच्या तसा. आणि फाल्गुनात पळस फुलला की खाली पडलेली फुलं सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा, रात्रभर भिजवली की केशरी पाणी मिळतं, होळी झाल्यावर सुद्धा बरेच रविवार पुरतं.