सुताराकडून कपाट करून घेताना: दर नंतर, आतला आराखडा आधी

घरासाठी फर्निचर करून घ्यायचे ठरले की पहिला सल्ला हमखास मिळतो तो असा: तीन सुतारांकडून दर मागवा आणि मधला निवडा. हा सल्ला निरुपयोगी आहे. कपाटाचा दर बहुतेक ठिकाणी दर्शनी भागाच्या चौरस फुटावर सांगितला जातो, म्हणजे ६ फूट रुंद आणि ७ फूट उंच कपाट ४२ चौरस फुटांचे धरले जाते, मग त्याच्या आत दोन फळ्या आणि एक दांडी असो किंवा चार ड्रॉवर, चोरकप्पा आणि दागिन्यांचा खण असो. ड्रॉवरला मजुरी अधिक लागते आणि चॅनेलचा, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्यांचा, खर्च वेगळा येतो. त्यामुळे आत काय हवे ते ठरण्याआधी विचारलेल्या दराला सुतार आपल्या सोयीचे, म्हणजे कमीत कमी कामाचे कपाट मनात धरूनच उत्तर देतो. त्यात त्याची लबाडी नसते, आपण त्याला काही सांगितलेलेच नसते.

पुढील मजकूर फ्लॅटमधल्या शयनगृहात बसवायच्या प्लायवुडच्या कपाटाविषयी आहे.

सुतार निवडणे

त्याने केलेले नवे काम पाहू नका, दोन-तीन पावसाळे काढलेले काम पाहा आणि तिथली दारे व ड्रॉवर स्वतः उघडून बघा.

भिंतीचे माप

फरशी, गिलावा आणि विजेचे काम पूर्ण झाल्यावरच माप घ्यावे. रुंदी जमिनीलगत, मध्यावर आणि छताजवळ अशी तीन ठिकाणी मोजावी, कारण फ्लॅटच्या भिंती ओळंब्यात असतात हा बिल्डरच्या माहितीपत्रकापुरता समज आहे. तिन्हींतले सर्वांत लहान माप खरे धरावे आणि उरलेली फट पट्टीने झाकायची असे आधीच ठरवावे. स्कर्टिंगची जाडी, स्विचबोर्ड, तुळई, खोलीचे दार उघडल्यावर येणारी त्याची कड आणि पंख्याचे पाते यांची मापे याच कागदावर लिहावीत. माळ्याचे दार उघडताच पंख्याला लागते, हे काम पूर्ण झाल्यावर कळणारी घरे पुष्कळ आहेत.

आतला आराखडा

खरी अडचण इथे येते. मीही याच टप्प्यावर सर्वाधिक वेळ घालवला आहे, आणि ज्या घरांत तो घालवला गेला नाही तिथली कपाटे बाहेरून देखणी आणि आतून गैरसोयीची झालेली पाहिली आहेत. बंद दारांचे रंगीत चित्र दाखवून कोणी आराखडा झाला म्हणत असेल, तर तो मान्य करू नये. आराखडा म्हणजे दारे काढून टाकल्यावर समोर दिसणारे चित्र, ज्यात प्रत्येक खणाची आतली रुंदी, उंची आणि खोली आकड्यांत लिहिलेली असते.

आतली मापे बाहेरच्या मापांपेक्षा बरीच कमी भरतात, आणि हा हिशेब स्वतः करून पाहणे आवश्यक आहे. सुतार सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच, आणि १९ मिलिमीटरचे प्लायवुड सहा सूत धरले जाते. ६ फूट म्हणजे ७२ इंचांच्या कपाटाला दोन बाजू आणि मधला एक उभा पाट धरला, तर तीन पाटांतच सव्वादोन इंच जातात आणि प्रत्येक भाग ३४ इंच ७ सूत उरतो. त्या भागात दारामागे ड्रॉवर हवा असेल तर दोन्ही बाजूंना पट्टी मारून तो आत घ्यावा लागतो, कारण बिजागरीवर उघडणारे दार काटकोनात उभे राहिले तरी त्याची कड आणि बिजागरी थोडी आत येतेच. त्या पट्ट्यांचा दीड इंच, टेलिस्कोपिक चॅनेलचा प्रत्येक बाजूला अर्धा याप्रमाणे एक इंच आणि ड्रॉवरच्या अर्ध्या इंची दोन बाजूंचा आणखी एक इंच वजा केला, की आपण ज्याला 'तीन फुटांचा ड्रॉवर' म्हणत होतो त्यात प्रत्यक्ष ३१ इंच ३ सूत जागा मिळते. लॅमिनेटची, म्हणजे प्लायवुडवर चिकटवायच्या पातळ दर्शनी थराची, जाडी यात धरलेलीच नाही.

ही पट्टी विसरणारे सुतार आहेत, आणि ती मुद्दाम गाळून 'ड्रॉवर मोठा देतो' असे सांगणारेही आहेत. परिचयातल्या एका घरी असेच झाले. ड्रॉवर ओढला की त्याची कड बिजागरीला अडके, म्हणून रोज दार मागे रेटून धरावे लागे. वर्षभरात बिजागरीचे स्क्रू प्लायवुडमधून सैल झाले आणि दार खाली झुकले. सुताराने येऊन स्क्रू पुन्हा आवळून दिले, जे काही आठवड्यांत परत निघाले. दुरुस्तीचा खरा मार्ग ड्रॉवर नव्याने अरुंद करणे हाच होता आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे हे कुठेच लिहिलेले नव्हते.

आराखडा काढण्यापूर्वी कपाटात जे जायचे आहे ते बाहेर काढून मोजावे. नुसता अंदाज करू नये. हँगर साधारण १७ ते १८ इंच रुंद असतो आणि त्यावर कपडे आले की बाह्या धरून सुमारे २२ इंच लागतात. म्हणून उघडत्या दारांच्या कपाटाला बाहेरून २४ इंच खोली पुरते. सरकती दारे एकामागे एक धावतात आणि साधारण चार इंच खातात, तेव्हा २४ इंचांतच सरकती दारे बसवून देतो म्हणणाऱ्याला हँगर तिरके ठेवायचे का, असे विचारावे. शर्टांसाठी दांडीखाली ४० ते ४२ इंच पुरतात. शेरवानी आणि घोळदार कपड्यांना ६० इंचांच्या आसपास लागतात. पैठण्या घडीत ठेवायच्या की टांगायच्या, हे ज्यांच्या त्या आहेत त्यांना विचारावे. घरातल्या पुरुषांनी हे परस्पर ठरवल्याचे परिणाम फार काळ ऐकावे लागतात. माळ्यावर जाणारी सर्वांत मोठी बॅग, जादा गाद्या आणि गणपतीचे मखर यांचेही माप घ्यावे, कारण मखर वर्षाचे साडेअकरा महिने कुठेतरी ठेवावेच लागते आणि माळ्याच्या दाराचे तोंड लहान ठेवले तर आत जागा असून ते जात नाही.

हे सगळे कागदावर आले की खडूने किंवा चिकटपट्टीने तोच आराखडा भिंतीवर खऱ्या मापात काढावा आणि घरातल्या सर्वांत बुटक्या माणसाला तिथे उभे करावे. वरच्या दांडीला हात पोचतो का, सर्वांत खालच्या ड्रॉवरसाठी किती वाकावे लागते, हे तेव्हाच समजते. अनेक कारागीर राजस्थान किंवा उत्तर प्रदेशातून आलेले असतात, त्यांच्याशी बोलताना आपले अर्धेमुर्धे हिंदी आणि त्यांचे अर्धेमुर्धे मराठी यांत काही निसटले तरी भिंतीवरची रेघ आणि आकडा निसटत नाही. आराखड्याच्या दोन प्रती करून दोन्हींवर दोघांच्या सह्या व तारीख असावी. सही मागितल्यावर 'साहेब, विश्वास नाही का' असे म्हणणाऱ्याला शांतपणे सांगावे की हे स्मरणासाठी आहे, आणि तरीही तो नाही म्हणाला तर दुसरा सुतार पाहावा.

दर आणि करार

आता दर मागवावेत, आणि प्रत्येकाला हाच आराखडा द्यावा. दर मालासकट आहे की फक्त मजुरीचा, माळा त्याच दराने धरला आहे की वेगळ्या, बाजूला उघडी दिसणारी फळी मोजली आहे का, हमाली, कचरा उचलणे आणि जीएसटी कोणाकडे, हे लेखी घ्यावे. पैसे हप्त्यांत द्यावेत आणि शेवटचा हप्ता सुताराला परत येणे परवडावे इतका मोठा ठेवावा.

माल

'सगळीकडे मरीन प्लायच लावा' हा दुसरा फुकटचा सल्ला. मरीन प्लायवुड म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचे, ज्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासला जातो. सिंकखालचे खण आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत इथे ते जरूर वापरावे. कोरड्या खोलीतल्या कपाटाला आयएस ३०३ चे चांगले प्लायवुड पुरते आणि वाचलेले पैसे बिजागऱ्या व चॅनेल यांवर घालावेत, कारण रोज झिजतात ती तीच. प्लायवुडच्या तक्त्यावर नुसता '७१०' आकडा छापलेला असणे पुरेसे नाही. आयएसआय चिन्हासोबतचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, पाहावा, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. दाराला बाहेरून १ मिलिमीटरचे लॅमिनेट लावले तर आतून ०.८ मिलिमीटरचे तरी लावावेच. एकाच बाजूने लावलेले उंच दार काही महिन्यांत धनुष्यासारखे वाकते.

सागाची चौकट किंवा पाय हवे असतील तर हिशेब घनफुटांत होतो: फुटांतली लांबी, इंचांतली रुंदी आणि जाडी यांच्या गुणाकाराला १४४ ने भागावे. ७ फूट लांब, ६ इंच रुंद आणि दीड इंच जाड फळी ०.४४ घनफूट भरते. रंधा मारल्यावर जाडी कमी होते, तेव्हा आराखड्यातले माप रंध्याआधीचे की नंतरचे हे विचारून घ्यावे.

काम चालू असताना

रोज डोक्यावर उभे राहण्याची गरज नाही. सांगाडा उभा राहिला आणि लॅमिनेट अजून लागायचे आहे, त्या दिवशी मात्र आराखडा आणि टेप घेऊन प्रत्येक खण मोजावा. कप्पा दोन इंच सरकवणे त्या दिवशी सहज होते, नंतर तोडफोड होते.

ताबा घेताना

सगळी दारे एकाच वेळी उघडी ठेवून प्रत्येक ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढावा, नंतर त्यात वजन ठेवून पुन्हा ओढावा. फळ्यांच्या मागच्या कडांवरून हात फिरवावा, तिथे लॅमिनेट किंवा पट्टी लावायची राहून गेलेली असते. उरलेल्या लॅमिनेटचा हातभर तुकडा, बिजागऱ्यांचे जादा स्क्रू आणि लॅमिनेटचा कोड क्रमांक लिहिलेली पावती मागून घेऊन माळ्यावर ठेवावी. त्यानंतर शेवटचा हप्ता द्यावा.